हा आकडा कोणाचा?

धाकटीच्या पायातली जोडवी निघेनात म्हणून आई तिच्या बोटांना साबण लावत बसली होती. मागच्या वर्षीचा एप्रिल. बाहेर ४४ डिग्री, आत कूलर घरघरतोय, आणि पलंगावर पाय लांब करून बसलेली माझी बहीण. उमरेडहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, ३१ आठवडे पूर्ण होऊन चार दिवस झालेले.

"काही नाही बाप्पा, उन्हाळा आहे. पाय सुजतातच," आई म्हणाली. "हिच्या वेळेस माझेही असेच सुजले होते."

मी लॅबमधून नुकतीच आले होते. लग्नानंतरही मी नागपुरात नंदनवनातच राहते, आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे संध्याकाळचा चहा तिच्याकडेच होतो. जोडव्याच्या वर बोट असं फुगलं होतं की चांदी आत रुतून कातडीवर पांढरी रेघ उमटली होती. नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला आणि पडलेलाच राहिला. मग बाबांसाठी घेतलेलं बीपीचं मशीन कपाटातून काढलं. १५२/९८. पंधरा मिनिटं तिला शांत बसवलं, बोलू दिलं नाही, पुन्हा घेतलं. १५०/१००.

गरोदरपणात २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं आणि सोबत लघवीतून प्रथिनं जाऊ लागली किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट यांवर परिणाम दिसू लागला, की त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. हे मला पाठ आहे. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर माझी १७ वर्षं गेली आहेत. अशा बायांचे नमुने रोज हाताखालून जातात. पण बहिणीचा दंड मशीनच्या पट्ट्यात असताना आकडा वाचणं वेगळं असतं, एवढंच सांगते.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. तिथे बीपी १५६/१०२, लघवीच्या पट्टीवर दोन प्लस. ॲडमिट. बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून स्टेरॉईडचं पहिलं इंजेक्शन त्याच रात्री, बीपीसाठी लॅबेटॅलॉल. जावईबापू उमरेडहून मोटरसायकलवर आले, घामानं भिजलेले. त्यांनी मला एकच विचारलं, "ताई, बाळ बरं आहे न? रक्तातून समजते का?"

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिते आहे. बाळ बरं आहे का हे आईच्या रक्तातून समजतं का? मी लगेच "हो, सगळं समजतं" म्हटलं होतं. ते खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं रक्त आमच्याच लॅबला आलं. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, किडनीसाठी युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन, लिव्हरची एन्झाइम एसजीओटी आणि एसजीपीटी, आणि पेशी फुटल्या की रक्तात येणारं एन्झाइम एलडीएच. मी जेवायला गेले होते. परत आले तोवर रिपोर्ट मोबाईलवरून गेलेलाही होता आणि जावईबापूंचे चार मिस्ड कॉल पडलेले होते. एलडीएच ७८०, लाल अक्षरात. त्यांनी तोवर इंटरनेटवर हेल्प सिंड्रोम वाचून काढलं होतं. तांबड्या पेशी फुटणं, लिव्हरचे एन्झाइम चढणं आणि प्लेटलेट घसरणं, या तिन्हीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं ते नाव आहे. त्यात एलडीएच ६०० च्या वर जातं हेही त्यांनी वाचलं होतं.

मी रॅकमधून ट्यूब काढून उजेडात धरली. रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी म्हणजे सिरम. निरोगी सिरम गव्हाच्या काडीसारखं पिवळसर असतं. हे डाळिंबाचा दाणा चुरगाळल्यासारखं गुलाबी होतं. पण प्लेटलेट १ लाख ४८ हजार, एसजीओटी ४१. बाकी चित्राशी एलडीएच जुळेना. मग चौकशी केली. बारीक सुईनं सिरिंजमध्ये रक्त ओढलेलं, तीच सुई झाकणात खुपसून दट्ट्या जोरात दाबलेला, आणि नंतर ट्यूब भर दुपारी स्कूटरच्या डिक्कीतून आलेली. नागपूरच्या एप्रिलमध्ये स्कूटरची डिक्की म्हणजे भट्टी. तांबड्या पेशींच्या आत एलडीएच सिरमपेक्षा शंभरपटीहून जास्त असतं, म्हणून थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा उडी मारतो. पोटॅशियमही तसंच चढतं. नमुना लाल दिसत असताना त्यावर शेरा न लिहिता रिपोर्ट सोडणं ही चूक होती, आणि ती आमच्या बाजूची होती. संध्याकाळी पुन्हा नीट रक्त घेतलं. एलडीएच २६२. आमच्या पद्धतीत २५० पर्यंत नॉर्मल धरतात. जावईबापूंना फोन केला तर ते पलीकडे बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तो ७८० माझ्या बहिणीचा नव्हता, बाळाचाही नव्हता. तो सुईचा आणि उन्हाचा होता.

त्या रात्री झोप आली नाही. लॅबच्या सिस्टीमला घरून लॉगिन करून धाकटीचे सगळे जुने रिपोर्ट उघडले. बाराव्या आठवड्यातली डबल मार्करची टेस्ट आमच्याकडेच झाली होती. मला आठवतं, रिपोर्ट आला तेव्हा मी शेवटची ओळ वाचली, "लो रिस्क", आणि आईला फोनवर आनंदानं सांगितलं. ती ओळ डाउन सिंड्रोमबद्दल होती, आणि ती बरोबरच होती. पण तिच्या वर पॅप-ए नावाच्या प्रथिनाचा आकडा होता, ०.३६ एमओएम. एमओएम म्हणजे त्या आठवड्याच्या मध्यक आकड्याच्या किती पट. १ च्या आसपास असायला हवं. हे प्रथिन वार, म्हणजे प्लासेंटा, तयार करते. ०.४ च्या खालचा आकडा म्हणजे वार सुरुवातीपासूनच नीट रुजलेली नसण्याची शक्यता. पुढे बाळाची वाढ कमी होणं आणि प्रीएक्लॅम्पसिया होणं, दोन्हीचा धोका अशा वेळी वाढलेला असतो. एकट्या पॅप-एवरून भाकीत करता येत नाही, पण त्यात पहिलं बाळंतपण आणि आईच्या वेळचा इतिहास मिळवला की डॉक्टरांपुढे ठेवण्यासारखी गोष्ट नक्की होते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्रे नावाच्या मोठ्या अभ्यासात धोका जास्त असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, तेव्हा ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. साधी, स्वस्त गोळी. वेळेत सुरू करायची असते, सोळाव्या आठवड्याच्या आत. धाकटीला ती मिळाली असती तर हे टळलंच असतं असं म्हणता येत नाही. पण तो आकडा माझ्या टेबलावरून गेला होता आणि मी तो वाचलाच नाही, कारण आम्ही कागदाला वेगळाच प्रश्न विचारत होतो. हे मला अजून लागतं. तुमच्या घरात कोणाचा डबल मार्करचा रिपोर्ट असेल, तर "लो रिस्क"च्या वरच्या ओळी डॉक्टरांना दाखवून विचारा. एवढ्यासाठी हा परिच्छेद लांबला तरी चालेल.

आता ज्या टेस्टबद्दल मला सगळ्यात जास्त मेसेज येतात ती. एस-एफएलटी-१ आणि पीएलजीएफचं गुणोत्तर.

पीएलजीएफ हे प्रथिन वारेत तयार होतं. आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर सुदृढ ठेवायला ते मदत करतं. ते पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, त्याचाच एक सुटा तुकडा म्हणजे एस-एफएलटी-१. हा तुकडा रक्तात मोकळा फिरतो. कळमन्याच्या बाजाराला निघालेला संत्र्यांचा ट्रक वाटेतच अडवून माल उतरवून घ्यावा, तसा तो पीएलजीएफला पेशीपर्यंत पोचण्याआधीच धरून ठेवतो. गर्भाशयाच्या भिंतीतल्या धमन्या सुरुवातीला पुरेशा रुंद झाल्या नाहीत की वारेला रक्त कमी पडतं, आणि तणावातली वार हे सुटे तुकडे भरमसाट सोडते. मग आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, किडनीच्या गाळण्यांतून प्रथिनं निसटतात. २००३ साली बोस्टनमध्ये अनंत करुमंची यांच्या गटानं उंदरांमध्ये एस-एफएलटी-१ वाढवून दाखवलं. उंदरांचं बीपी चढलं, लघवीतून प्रथिनं गेली, किडनीत प्रीएक्लॅम्पसियासारखेच बदल दिसले. म्हणजे आजाराचा उगम वारेत आणि भोग आईच्या अंगाला, हे रेणूच्या पातळीवर दिसलं.

मी हट्टानं ती टेस्ट करायला लावली. नमुना बर्फात पॅक करून मुंबईला विमानानं गेला, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पीएलजीएफ ३१ पिकोग्रॅम, गुणोत्तर २१२. चौतीस आठवड्यांच्या आत ८५ च्या वर गेलं की प्रीएक्लॅम्पसियाच्या बाजूनं भक्कम पुरावा मानतात. मी तो कागद घेऊन धाकटीच्या डॉक्टर मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "यावरून मला समजतं की वार थकली आहे. ते मला तिच्या बीपीवरून आणि सोनोग्राफीवरून माहीतच होतं. बाळ थकलंय का, हे मला नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉपलर आणि बाळाच्या ठोक्यांची एनएसटी सांगेल. आणि ती स्वतः सांगेल, बाळ हलतंय का ते."

त्या चिडल्या नव्हत्या. पण मला कळलं की ती टेस्ट मी धाकटीसाठी मागवली नव्हती, माझ्या हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून मागवली होती. निदान आधीच झालेलं होतं. या टेस्टचा खरा उपयोग शंका असताना होतो. डोकं दुखतंय, बीपी किंचित वर आहे, लघवी साफ आहे, मग बाईला घरी पाठवायचं की ठेवायचं? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉग्नोसिस अभ्यासात गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवड्याभरात प्रीएक्लॅम्पसिया होणार नाही हे ९९.३ टक्के वेळा बरोबर निघालं. उलट ३८ च्या वर असलेल्यांपैकी चार आठवड्यांत प्रत्यक्ष आजार झाला तो ३६.७ टक्के जणींना. म्हणजे ही टेस्ट "नाही" फार चांगलं सांगते, "हो" तितकं नाही.

ब्रिटनमध्ये ११ हॉस्पिटलांत झालेला, २०१९ साली आलेला पॅरट अभ्यास मी त्या दिवसांत पुन्हा पुन्हा वाचला. डॉक्टरांना पीएलजीएफचा आकडा सांगितला तेव्हा निदान व्हायला लागणारा वेळ सुमारे चार दिवसांवरून दोन दिवसांवर आला, आणि आयांना होणारे गंभीर त्रास कमी झाले. पण बाळांच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ही ओळ मी पेनानं अधोरेखित केली. आईच्या रक्तातला इतका चांगला आकडाही आईला वाचवायला मदत करतो. पोटातल्या बाळाची आजची खबर तो देत नाही.

युरिक ॲसिडचंही तेच. धाकटीचं ६.८ होतं. गरोदरपणात किडनी जास्त काम करते, म्हणून ते उलट कमी असायला हवं, सहसा ५ च्या आत. वाढलं म्हणजे आईची किडनी मंदावली. युरिक ॲसिड जास्त असलेल्या आयांची बाळं लहान भरताना दिसतात हे खरं, पण त्या आकड्यावरून कुठल्याही एका बाळाबद्दल काही ठरवता येत नाही. आईचा आकडा तो.

मग मी आमच्या सरांना फोन लावला. डिप्लोमाला त्यांनी शिकवलं, आता ७८ वर्षांचे आहेत, त्रिमूर्तीनगरला असतात. सत्तरच्या दशकात ते मुंबईच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, आणि त्या काळी तिथे बाळाची खबर काढायला २४ तासांची लघवी गोळा करून एस्ट्रिऑल नावाचं संप्रेरक मोजायचे. सर सांगू लागले की थांबत नाहीत.

"सकाळी गेलं की दाराशी कॅनची रांग. प्रत्येकावर बाईचं नाव. आधी क्रिएटिनिन करायचं, म्हणजे लघवी पूर्ण २४ तासांची आहे का ते समजे. कोणी पहाटेची पहिली धरली, कोणी एक वेळची विसरली, की सगळं वाया. मग आम्लात उकळायचं, ईथरनं ओढून घ्यायचं, सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोक्विनोन घालून तापवायचं. गुलाबी रंग यायचा. कोबर रिॲक्शन. रंग गडद तर बाळ मजेत, फिका होत चालला तर आम्ही वॉर्डला पळत जायचो."

कल्पना किती सुंदर होती पाहा. बाळाच्या ॲड्रिनल ग्रंथीतून कच्चा माल निघतो, वार त्याचं एस्ट्रिऑल करते, आई ते लघवीतून टाकते. बाळ आणि वार दोघांचा सहभाग असल्याशिवाय हे तयारच होत नाही. आईच्या अंगातून बाळाशी बोलायची खरीखुरी वाट. मग ती बंद का पडली? सर म्हणाले, "आकडा रोज वर-खाली व्हायचा. आणि खोटं बोलायचा."

खोटं कसं, ते त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. आईला ॲम्पिसिलिन दिलं की आतड्यातले जंतू कमी होतात, एस्ट्रिऑल पुन्हा शोषलं जात नाही, लघवीतला आकडा पडतो. बाळ ठणठणीत. काही बाळांच्या वारेत सल्फटेज नावाचं एक एन्झाइम जन्मतःच नसतं, जवळजवळ सगळे मुलगेच असतात. एस्ट्रिऑल जवळपास शून्य, बाळ ठणठणीत, पुढे त्वचा मात्र माशाच्या खवल्यांसारखी कोरडी. आणि आईला स्टेरॉईड दिलं की बाळाची ॲड्रिनल काही दिवस गप्प बसते, आकडा कोसळतो. म्हणजे धाकटीला फुप्फुसांसाठी दिलेल्या त्या इंजेक्शनांनीच त्या काळी सगळ्या वॉर्डात धावपळ उडाली असती. १९७६ साली अमेरिकेत याची रीतसर चाचणी झाली. प्लाझ्मातल्या इस्ट्रोजेनचा (एस्ट्रिऑल त्याच गटातलं) आकडा डॉक्टरांना सांगून किंवा न सांगून बाळांच्या जगण्यात फरक पडला नाही. तोवर बाळाच्या ठोक्यांचं मशीन आणि सोनोग्राफी आलीच होती. ह्यूमन प्लासेंटल लॅक्टोजेन नावाचं दुसरं एक संप्रेरकही त्याच काळात मोजायचे, तेही मागे पडलं.

"पण मी दहा वर्षं तो गुलाबी रंग पाहिला," सर म्हणाले. "मन लावून केलं."

मला त्यांचा आदर वाटतो. त्या लॅबमध्ये कोणी निष्काळजी नव्हतं. त्यांच्या हातात होतं ते त्यांनी जीव ओतून मोजलं.

दवाखान्यात दिवस जात होते. रोज दोनदा एनएसटी, दर दोन दिवसांनी डॉपलर. नाळेच्या धमनीतला प्रवाह ठोक्यांच्या मधल्या वेळात कमी होत चालला होता, पण थांबला नव्हता. आईनं घरून दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके आणले. बाळ हललं की धाकटी एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायची. रात्री मी गेले की आधी मला वाटी दाखवायची. "ताई, आज दहा व्हायला पाऊण तासच लागला. हलून राहिलं न." त्या वाटीतल्या आवाजावर मी माझ्या मशीनइतकाच विश्वास ठेवत होते.

बाराव्या दिवशी पहाटे तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. तिला वाटलं ॲसिडिटी. सकाळी साडेसातला रक्त आलं. मी सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडलं आणि ट्यूब वर उचलली.

गुलाबी.

शेजारच्या मुलीनं बघितलं आणि रजिस्टर ओढलं. "मॅडम, हिमोलाइज्ड लिहिते, पुन्हा मागवते." नियमानं ती बरोबर होती. पहिल्या वेळच्या गोंधळानंतर हा नियम मीच भिंतीवर लावला होता. आणि मनातून मला तेच हवं होतं. पुन्हा सुईचीच चूक निघावी. पण सीबीसीच्या मशीनवर प्लेटलेट ८८ हजार आल्या होत्या, आणि सुईमुळे प्लेटलेट अशा पडत नाहीत.

मी स्वतः गेले. लॅबपासून दवाखाना चालत पाच मिनिटं. धाकटीचा डावा हात, २१ नंबरची सुई, रक्त येताच पट्टा सोडला, ट्यूब आपोआप भरू दिली, हलक्या हातानं पाच वेळा उलटीसुलटी केली. मुठीत धरून सावलीसावलीनं परत आणली. अर्धा तास गोठू दिलं. तो अर्धा तास मी खुर्चीवर बसले नाही. मग दहा मिनिटं फिरवलं.

पुन्हा गुलाबी.

काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर ओढला, रंगवला, मायक्रोस्कोपखाली घातला. तांबड्या पेशी गोल नव्हत्या. चिरलेल्या, कोपरे फुटलेल्या, काही शिरस्त्राणासारख्या. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून जाताना तुटलेल्या. एलडीएच ७१४, एसजीओटी १४६. मी मॅडमना फोन केला. "मॅडम, नमुना दोनदा घेतलाय. सुईचं नाही. रक्तच तुटतंय."

"मी ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगते," त्या म्हणाल्या.

दहा दिवसांपूर्वीच्या ट्यूबेचा आणि या ट्यूबेचा रंग शेजारी ठेवला असता तर कोणालाही फरक सांगता आला नसता.

पुढचं भराभर झालं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट, आधी ४ ग्रॅम हळूहळू शिरेतून, मग दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. "अंगात आग लागून राहिली ताई," धाकटी म्हणत होती. सिस्टर छोट्या हातोडीनं गुडघ्याचा झटका बघत होत्या, लघवीची पिशवी बघत होत्या, श्वास मोजत होत्या. मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी गुडघ्याचा झटका जातो, म्हणून. २००२ साली मॅगपाय अभ्यासानं दाखवून दिलं की या औषधानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी सिझेरियन. मुलगी. १ किलो ४२० ग्रॅम, ३३ आठवडे एक दिवस. रडली.

बालरोगतज्ज्ञांना मी आधीच विनंती केली होती. त्यांनी नाळेचा एक तुकडा दोन्हीकडून चिमट्यात धरून वेगळा ठेवला आणि त्यातल्या धमनीतून रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या सिरिंजमध्ये थोडं रक्त घेतलं. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. शीर वारेकडून बाळाकडे येते, म्हणून तिच्यातलं रक्त वारेबद्दल सांगतं. धमनी बाळाकडून वारेकडे जाते. धमनीतलं रक्त हे बाळाच्या अंगातून फिरून आलेलं असतं. ऑक्सिजन कमी पडला असेल तर बाळाचे स्नायू लॅक्टिक ॲसिड बनवतात, रक्त आम्लाकडे झुकतं आणि त्याचा पीएच खाली येतो. ७.०० च्या खाली गेला तर मेंदूची काळजी करावी लागते.

मशीनमधून पट्टी सरकत बाहेर आली. पीएच ७.२३. लॅक्टेट ३.९.

बारा दिवस मी आईच्या रक्तात जे शोधत होते ते इथे होतं. वारेचं नव्हतं, आईच्या किडनीचं नव्हतं, सुईचं नव्हतं. जावईबापू बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना पट्टी दाखवली आणि म्हटलं, "हा तिचा स्वतःचा आकडा आहे. बरी आहे ती." त्यांना पीएच म्हणजे काय ते विचारायचंही सुचलं नाही.

धाकटीच्या प्लेटलेट दुसऱ्या दिवशी ७१ हजारांपर्यंत उतरल्या आणि मग चढू लागल्या. चौथ्या दिवशी सिरम पुन्हा गव्हाच्या काडीच्या रंगाचं झालं. ती ट्यूब मी बराच वेळ फेकायला टाकली नाही. बाळ २६ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं. धाकटी दूध काढून द्यायची, नंतर तास-तासभर छातीशी धरून बसायची. आता ती चालायला लागली आहे.

दीड महिन्यानं फेरतपासणीला गेलो तेव्हा मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. पुढच्या वेळी बाराव्या आठवड्यातच यायचं, ॲस्पिरिन सुरू करू. आणि बीपी आत्ता नॉर्मल झालं तरी दरवर्षी बघत राहायचं, कारण हा आजार होऊन गेलेल्या बायकांना पुढच्या आयुष्यात बीपीचा आणि हृदयाचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. कितीही वर्षांनी.

हे ऐकताना मला जोडवी आठवली, साबण आठवला. हिच्या वेळेस माझेही असेच सुजले होते. धाकटी २८ वर्षांची आहे. २८ वर्षांत आईचं बीपी आम्ही कोणीही कधी पाहिलं नव्हतं. मशीन घरात होतं, पण ते बाबांचं होतं.

घरी आलो तेव्हा आई बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत होती. "मला काय झालं?" म्हणत होती. मी तिला खुर्चीवर बसवलं, पाय जमिनीला टेकवायला सांगितले, दंडाला पट्टा बांधला. १६८/९६. पाच मिनिटांनी १६६/९८. तिची गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली.